लाइटच्या पडद्यावर आलेला अनोळखी लेसविंग: फोटोवरून नवी जात म्हणता येते का?

रातकिडा_कुडाळ

परसात पांढरा पडदा आणि १० वॅटचा अतिनील एलईडी लावला होता. रात्री साडेनऊच्या सुमारास हिरवा लेसविंग (जाळीदार पंखांचा नाजूक किडा) पडद्यावर बसला. पुढच्या पंखाची लांबी अंदाजे १४ मिमी. अंग पोपटी, डोळ्याखाली गालावर लालसर पट्टा, पुढच्या पंखाच्या बुडाशी काळपट डाग. असे डाग क्रायसोपर्लाला, म्हणजे पिकांवर नेहमी दिसणाऱ्या हिरव्या लेसविंगला, दिसत नाहीत. चार फोटो मिळाले आणि किडा उडून गेला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आणि भारतातल्या नोंदींत जुळणारं काही सापडलं नाही.

फोटोवरूनच नवी जात सापडल्याचं उदाहरण म्हणून सेमाक्रायसा जेड या मलेशियातल्या लेसविंगचं नाव सगळीकडे येतं. मग या फोटोंवरून वर्णन लिहिता येईल का? आणि किडा पुन्हा आलाच, तर पकडल्यापासून नाव छापून येईपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं? डीएनए करून घेतला तर बाकीचं टाळता येतं का?

---

जाळीदार

जेडचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला अर्धा भाग सांगायचा राहून जातो. हॉक पिंग गुएक यांनी मलेशियातल्या सेलांगोर भागात त्या लेसविंगचे फोटो काढून फ्लिकरवर टाकले होते. कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्यातले शॉन विंटरटन यांच्या ते योगायोगाने नजरेस पडले. पंखाच्या बुडाची काळी जाळीदार नक्षी त्यांना ओळखीची वाटेना. त्यांनी गुएकना लिहिलं तेव्हा कळलं की किडा उडून गेलाय, नमुना नाही. आणि काम तिथेच थांबलं. गुएकना तो किडा पुन्हा सापडला, त्यांनी तो पकडला आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्टीव्ह ब्रूक्स यांच्याकडे पाठवला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. ब्रूक्सनी संग्रहालयाचे खण धुंडाळले, तर साबाहमधून आलेला त्याच जातीचा जुना नमुना नावाशिवाय पडून होता. मग तिघांनी मिळून गूगल डॉक्सवर निबंध लिहिला आणि तो २०१२ मध्ये झूकीज या नियतकालिकात आला. गुएक तिसऱ्या कोपऱ्यातले 'फोटो देणारे' नव्हते, नाव देणाऱ्या लेखकांपैकी एक होते. तुमच्यासारख्या हौशी माणसाचं नाव लेखकांत येऊ शकतं का, याचं उत्तर त्यातच आलं.

म्हणजे फोटोने शंका उपस्थित केली, नाव मिळालं ते नमुन्याला.

आता नियमाच्या भाषेत. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कलम ७३.१.४ असं सांगतं की चित्राला होलोटाइप (जातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो) म्हटलं, तर त्या चित्रातला प्राणी होलोटाइप धरला जातो. ही पळवाट वापरून २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका बी-फ्लायचं (मधमाशीसारखी दिसणारी माशी), मार्लेयिमाया झायलोकोपीचं, फक्त फोटोंवरून वर्णन झालं आणि त्यावर जगभर वाद पेटला. २०१७ मध्ये नामकरण आयोगाने घोषणा ४५ काढली. जतन न केलेल्या नमुन्यावर नाव ठेवायचं असेल तर नमुना का ठेवता आला नाही याची कारणं द्यावीत, असा तिचा रोख आहे. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बुगुन लिओसिक्ला. त्या वेळी पुण्यात खगोलशास्त्राचं काम करणारे रमणा अथ्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या या पक्ष्याचं वर्णन पिसं आणि फोटो यांवर केलं, कारण मोजकेच पक्षी दिसले होते आणि त्यातला एक मारणं त्यांना परवडणारं नव्हतं. लेसविंगला हे कारण लागू होत नाही. शिवाय पक्ष्याचं वेगळेपण पिसांच्या रंगात आणि आवाजात दिसतं. लेसविंगचं वेगळेपण बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये दडलेलं असतं आणि ते कुठल्याही मॅक्रो लेन्सला दिसत नाही.

तुमच्या चार फोटोंवरून निदान प्रजातीच्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा संच) गटापर्यंत जाता येईल का, हे बघायला पुढचं तपासा:

पंख मिटलेला फोटो असेल तर पुढच्या पंखाची शिरारचना मोजा. मधल्या भागात आडव्या शिरांच्या पायऱ्यांसारख्या दोन रांगा दिसतात, आतली आणि बाहेरची. दोन्हींतल्या शिरांचा आकडा लिहा. बुडाकडे मीडिया नावाच्या शिरेपाशी एक छोटा बंद खण असतो. तो त्रिकोणी आहे, लांबट आहे की चौकोनी, आणि रेडियल सेक्टर नावाच्या शिरेपासून आलेली पहिली आडवी शीर त्या खणाला मिळते की त्याच्या पुढे जाऊन मिळते, हे पाहा. क्रायसोपर्ला ओळखताना हीच जागा बघतात. हा खण नसेलच, तर किडा अ‍ॅपोक्रायसिनी उपकुळातला असण्याची शक्यता आहे. पुढच्या पंखाची कड आणि पहिली जाड शीर यांमधली पट्टी फारच रुंद असेल, तर अँकिलोप्टेरिक्स आणि सेमाक्रायसा ज्या गटात येतात तो गट आधी तपासा. पंखावर डाग असलेले हिरवे लेसविंग आपल्याकडे बरेचदा याच गटातले निघतात आणि लोक त्यांना नवीन समजून बसतात.

---

टाचणी_क्र_१

फोटोबद्दल एक भर घालतो. पुढच्या वेळी या पाच जागा सुटू देऊ नका: समोरून चेहरा, बाजूने गाल, वरून छातीचा पहिला खंड, सपाट पसरलेला पुढचा पंख आणि खालून पोटाचं टोक. स्पर्शिकेच्या पहिल्या जाड पेरावर बाहेरच्या बाजूला लाल किंवा काळी रेघ असते, तिचाही वेगळा फोटो घ्या. हे सगळं किडा जिवंत असतानाच करायचं. मेल्यावर हिरवा रंग काही दिवसांत पिवळसर पडतो, स्पिरिटमध्ये तर आणखी लवकर. लाल खुणा थोड्या टिकतात, काळ्या सर्वांत जास्त. संग्रहालयातल्या पिवळ्या नमुन्यावरून 'पिवळी जात' असं जुन्या वर्णनात लिहिलेलं सापडलं, तर लगेच विश्वास ठेवू नका. किडा हाताळल्यावर बोटाला उग्र घाण वास आला तर तेही टिपा. काही जातींत छातीच्या पुढच्या खंडातल्या ग्रंथींतून तो येतो.

आता पकडल्यानंतर.

लेसविंग संथ उडतो. जाळी फार जोरात मारायची गरज नसते, पण पडद्यावरून थेट हाताने उचलायला गेलात तर पंख फाटतील. तोंड रुंद असलेली काचेची नळी वरून ठेवा आणि खालून कागद सरकवा. मारायच्या बाटलीत इथिल अ‍ॅसिटेटचे ३–४ थेंब प्लास्टरवर किंवा कापसावर, वर कोरड्या टिश्यूचे तुकडे. द्रव जास्त झाला की बाटलीला आतून घाम येतो, पंख काचेला चिकटतात आणि उचलताना फाटतात. दोन-तीन किडे एकत्र टाकू नका. फ्रीझर असेल तर रात्रभर फ्रीझरही चालतो. तो रंगाला उलट बरा.

टाचणी कीटकांसाठीची, शून्य किंवा एक क्रमांकाची. ती छातीच्या मधल्या खंडातून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. पंख पसरताना दोन्ही जोड्या पसरल्या तर उत्तम, नाहीतर निदान एका बाजूची जोडी. खरी अडचण पोटाची. टाचणीवर वाळताना ते खाली लोंबतं, मुरगळतं आणि पुढे काप घेताना नेमकं शेवटच्या खंडांपाशी तुटतं. त्यासाठी पोटाखाली दोन टाचण्या गुणाकाराच्या चिन्हासारख्या तिरक्या लावून आधार द्या. वाळवणीला ५–६ दिवस. कोकणातल्या पावसाळ्यात वाळवताना आणि साठवताना सिलिका जेल ठेवलं नाही तर आठवड्यात बुरशी धरते. डांबरगोळीने बुरशी जात नाही. ती फक्त इतर किड्यांना दूर ठेवते.

लेबल त्याच दिवशी लिहा: देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख (महिना रोमन अंकांत, म्हणजे ५ आणि ६ ची गल्लत होत नाही), पकडण्याची पद्धत, पकडणाऱ्याचं नाव. 'घराजवळ' असं लिहिलेलं लेबल दहा वर्षांनी कुणाच्या कामाचं? बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते. पेन्सिल किंवा रंगद्रव्याची शाई वापरा.

डीएनएसाठी मधल्या जोडीतला एक पाय उपटून ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळ्या छोट्या कुपीत ठेवा आणि कुपीवर नमुन्याचाच क्रमांक घाला. नखांचा आकार, बुडाशी रुंदावलेली की साधी, हे ओळखीचं लक्षण आहे, तेव्हा प्रत्येक जोडीतला एक पाय तरी अंगाला राहिलाच पाहिजे.

---

रातकिडा_कुडाळ

बरंच काही मिळालं. दोन प्रश्न. सरळ स्पिरिटमध्येच ठेवला तर टाचणीची झंझट जाते ना? आणि पकडला तो नर निघाला नाही, मादीच निघाली तर?

---

टाचणी_क्र_१

स्पिरिटवर लोकांचे दोन तट आहेत. मी टाचणीच्या बाजूचा. ७० टक्क्यांत अवयव मऊ राहतात, जननांग पाहायला सोपं जातं, पण डीएनए हळूहळू खराब होतो. ९५ टक्क्यांत डीएनए टिकतो, पण किडा ठिसूळ होतो, स्पर्शिका आणि पाय नुसत्या वाहतुकीत गळतात आणि पंख एकमेकांना चिकटून सुरकुततात. शिरा मोजताना त्याचा मनस्ताप होतो. चार-पाच किडे मिळाले तर तीन टाचणीवर आणि दोन ९५ टक्क्यांत, असा मध्यममार्ग काढा. एकच मिळाला तर टाचणी, आणि पाय स्पिरिटात.

नर-मादी ओळखायला १० पटींचं भिंग पुरतं. पोटाचं टोक खालून पाहा. मादीच्या टोकाला दोन बाजूंना गोलसर फुगीर पाळ्या असतात आणि मध्ये उभी फट दिसते. नराच्या बाबतीत खालचं शेवटचं पत्र (पोटाच्या खंडावरची कडक पट्टी) पुढे येऊन चमच्यासारखं वर वळलेलं दिसतं. आठवं आणि नववं पत्र नरात एकमेकांत मिसळलेलं आहे की सुटं, हे प्रजाती ठरवताना विचारतात. तेवढं भिंगातून जमलं तर तेही लिहून ठेवा.

---

मावाशत्रू

मादी निघाली तर मारू नका, अंडी घालू द्या. जैविक नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत क्रायसोपर्ला जसा वाढवतात तसाच हा वाढवता येईल, आणि त्यातून नरही मिळतील, अळीही मिळेल. नव्या जातीच्या वर्णनात अळीचं वर्णन असणं हा मोठा बोनस.

मादी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, वर मलमलचं किंवा काळं सुती कापड रबराने बांधा. खाद्य म्हणून मध आणि यीस्ट समप्रमाणात, थोड्या पाण्यात कालवून प्लास्टिकच्या पट्टीवर बारीक ठिपके. मोठा थेंब ठेवलात तर मादी त्यात पाय अडकून मरते. पाणी वेगळं, भिजवलेल्या कापसातून. अंडी बारीक देठावर, बरणीच्या झाकणाच्या कापडावर किंवा काचेवर लागतात. ती ३–४ दिवसांत काळसर होतात आणि उबतात.

अळ्या निघायच्या आत अंडी एकेक वेगळी करा. कात्रीने देठ कापून प्रत्येक अंडं स्वतंत्र कुपीत. एकत्र राहिल्या तर अळ्या एकमेकींना खातात, आणि तीस अंड्यांच्या तीन अळ्या उरतात. खाद्य म्हणून कोर्सायराची, म्हणजे तांदळातल्या पतंगाची, अंडी द्या. ती अतिनील दिव्याखाली धरून आतला गर्भ मारलेली असावीत, नाहीतर कुपीत कोर्सायराच वाढतो. मावा मिळत असेल तर उत्तमच. अळी तीन अवस्थांतून जाते, क्रायसोपर्लात साधारण ८ ते १२ दिवस. तुमची जात अँकिलोप्टेरिक्सच्या गटातली निघाली तर अळी पाठीवर कचरा, मेलेल्या माव्याची कातडी, कापसाचे धागे लादून फिरेल. अशा अळीला कचरा मिळाला नाही तर ती अस्वस्थ राहते. कुपीत थोडे कापसाचे तंतू टाका, पण वर्णनासाठी ठेवायच्या दोन-तीन अळ्या कचऱ्याविना ठेवा, म्हणजे पाठीवरचे केस आणि गाठी दिसतील. प्रत्येक अवस्थेतली एक-दोन गरम पाण्यात क्षणभर बुडवून मग ७० टक्क्यांत. थेट स्पिरिटमध्ये टाकली तर आक्रसून काळी पडते.

कोषातून बाहेर आल्यावर प्रौढ किडा लगेच मारू नका. पहिले एक-दोन दिवस रंगखुणा फिक्या असतात आणि पोटाचं टोक मऊ असतं. बरीच 'वेगळी' वाटणारी रूपं याच कच्च्या किड्यांची असतात.

डीएनएबद्दल: आपल्याकडच्या पिकांवरचा क्रायसोपर्ला कित्येक दशकं 'क्रायसोपर्ला कार्निया' म्हणून ओळखला गेला. पुस्तकांत, बाटल्यांवर, शेतकऱ्यांच्या पत्रकांत तेच नाव. २०१० मध्ये दाखवून दिलं गेलं की भारतातला हा क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी आहे. त्याचा निवाडा रूपावर झाला नाही, लग्नगीतावर झाला. हे लेसविंग पोट हलवून पानावर कंपनं सोडतात, आपल्याला ती ऐकू येत नाहीत, पण प्रत्येक जातीची लय वेगळी असते. अशा गटांत डीएनएचा बारकोड तुकडाही (जाती ओळखायला वापरतात तो ठरावीक तुकडा) सरळ उत्तर देत नाही, कारण जाती इतक्या जवळच्या असतात की अंतर कमी पडतं. बारकोडमध्ये दुसराही एक धोका: मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाची जुनी, निकामी प्रत पेशीच्या केंद्रकात शिरलेली असते आणि प्रयोगात तीच वाढते. वाचताना मध्येच थांबा-कोड (प्रथिनाची साखळी संपवणारी खूण) आढळला तर तो क्रम टाकून द्या. थोडक्यात, ६५८ अक्षरांचा तुकडा आधाराला घ्या, पण त्याच्याच भरवशावर नाव ठेवू नका.

---

जाळीदार

मावाशत्रूंच्या बोलण्याला जोडून. प्रजातीपर्यंत पोहोचायचं असेल तर जननांग पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रूक्स आणि बर्नार्ड यांच्या १९९० च्या जागतिक आढाव्यात प्रजाती ओळखायच्या किल्लीत नराच्या जननांगावर भर आहे. तिथली नावं एकदा समजून घेतली की जड जात नाही. गोनार्कस म्हणजे कमानीसारखी पट्टी, तिच्या मध्यभागी पुढे आलेला आर्सेसस, आणि काही प्रजातींत टिग्नम, गोनॅप्सिस हे आणखी भाग. मादीत शुक्रकोश आणि सबजेनिटाले (जननद्वारापाशी असलेली छोटी पट्टी) यांचा आकार बघतात.

कृती: पोट छातीपासून सातव्या खंडाच्या अलीकडे कापा. दहा टक्के कॉस्टिक पोटॅश, म्हणजे १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. पोट त्यात टाकून रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा, किंवा कुपी गरम पाण्यात उभी करून १०–१५ मिनिटं. गरम पद्धतीत दर दोन-तीन मिनिटांनी बघायचं. स्नायू विरघळून पारदर्शक झालं की बाहेर. जास्त वेळ राहिलं तर पडदे फाटतात आणि आर्सेसस पांढरट होऊन दिसेनासा होतो. मग साध्या पाण्याने धुवा, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात दोन मिनिटं, पुन्हा साधं पाणी. पडदे दिसत नसतील तर क्लोराझोल ब्लॅकचा रंग अगदी थोडा वेळ, सेकंदांत मोजून. गडद झाला की परत उतरत नाही. नंतर ग्लिसरीन टाकलेल्या खोलगट स्लाइडवर ठेवून चित्र काढा, बाजूने आणि वरून. पडद्यातल्या खुणा, कंगोरे फोटोत नीट येत नाहीत. संपादक रेखाचित्र मागतातच.

शेवटी पोट ग्लिसरीनभरल्या छोट्या कुपीत घालून ती त्याच नमुन्याच्या टाचणीवर लावा. पोट हरवलेला होलोटाइप म्हणजे शीर नसलेला पुतळा.

यापेक्षा कंटाळवाणा, पण खरा कस लागणारा भाग म्हणजे ही जात आधी कुणी नावाने बांधून ठेवलेली नाही ना, हे सिद्ध करणं. हिरव्या लेसविंगच्या जगभरात सुमारे १४०० जाती आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जॉन ओसवाल्ड यांनी उभारलेल्या लेसविंग डिजिटल लायब्ररीत प्रत्येक नावाची, समानार्थी नावांची आणि मूळ वर्णनाची नोंद आहे. तिथून भारत, श्रीलंका, म्यानमार आणि मलेशियातली नावं गटानुसार काढा. जुने निबंध बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट मिळतात. इथे स्पेनचे जेझुइट पाद्री लोंगिनोस नावास (१८५८–१९३८) तुमचा घाम काढतील. त्यांनी जगभरातल्या लेसविंगना ढिगाने नावं दिली. वर्णनं बरीचशी लॅटिनमध्ये, चार-पाच ओळींची, नर-मादीचा उल्लेख नाही, आणि त्यांच्या नमुन्यांपैकी पुष्कळ आता मिळत नाहीत. 'पंखाच्या बुडाशी तपकिरी डाग, गाल लाल' एवढंच वर्णन असलेलं नाव आढळलं तर त्याला सोडून पुढे जाता येत नाही. त्या नावाचा होलोटाइप कुठे आहे हे शोधून, शक्यतो त्या संग्रहालयाकडून फोटो मागवून, मग तुमचा वेगळा कसा हे लिहावं लागतं. निबंधातली 'निदान' म्हणून असलेली जागा, म्हणजे वेगळेपणाची लक्षणं शब्दांत सांगणारा भाग, संहितेच्या कलम १३ नुसार आवश्यकच आहे. नुसतं 'नवीन आणि सुंदर' असं लिहून भागत नाही.

आडव्या शिरांचे आकडे एका किड्याच्या भरवशावर देऊ नका. डाव्या आणि उजव्या पंखांत एकदोन शिरांचा फरक सर्रास पडतो आणि मोठ्या मादीत लहान नरापेक्षा शिरा जास्त असतात. निदान पाच किडे, दोन्ही पंख, आणि निबंधात 'आतल्या रांगेत ५–७, बाहेरच्या ६–८' अशी पट्टी द्या. हे आकडे फक्त नमुन्यादाखल लिहिले आहेत, तुमच्या किड्याचे ते नाहीत.

---

वनखिडकी

कागदपत्रांचा भाग कुणी काढला नाही म्हणून. परसातून पकडला म्हणजे निर्धास्त, असं नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव वनात वनविभागाची. निबंधात परवान्याचा क्रमांक छापायला सांगतात. परवाना नसलेला होलोटाइप नंतर त्रास देतो.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन जात सापडली की नमूद केलेल्या संग्रहस्थानाला कळवायचं आणि नमुना तिथे द्यायचा. प्राण्यांसाठी मुख्य ठिकाण भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. कोकणातल्या नमुन्यासाठी आधी तिथेच विचारा.

नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असेल तर पाकिटात घालून पोस्टात टाकू नका. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची (कार्यालय चेन्नईला) प्रक्रिया आहे, आणि परदेशी माणूस सहलेखक होणार असेल तर तीही आधीच विचारून घ्या. सोपा मार्ग म्हणजे नमुना इथे ठेवून उत्तम फोटो आणि रेखाचित्रं पाठवणं. पंखाचा फोटो, जननांगाचे तीन कोन आणि लेबलचा फोटो एवढ्यावरही तज्ज्ञ बरंच सांगू शकतो.

---

रातकिडा_कुडाळ

नाव ठेवायचा भाग राहिला. गावाचं नाव ठेवता येतं का? की माणसाचंच? आणि निबंध ऑनलाइन मासिकात आला तरी चालतो?

---

जाळीदार

ठेवता येतं. जेड हे नावही रत्नाच्या हिरव्या रंगावरून ठेवलेलं नाही, विंटरटन यांच्या मुलीचं ते नाव.

माणसाच्या नावाला पुरुष असेल तर शेवटी -इ, बाई असेल तर -ए, अनेकांना -ओरम, सगळ्या बायकाच असतील तर -आरम. गावाच्या नावाला बहुधा -एन्सिस जोडतात. लिंग प्रजातीच्या नावाशी जुळवावं लागतं. 'क्रायसा'ने संपणाऱ्या प्रजाती स्त्रीलिंगी आहेत, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी रूपात येईल. -एन्सिस हे रूप पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हींना एकच राहतं. नाव ठेवताना स्वतःचं नाव मात्र ठेवू नका. नियमाने बंदी नाही, पण लोक हसतात.

२००० पासून लागू असलेल्या संहितेत नाव 'उपलब्ध' होण्यासाठी तीन गोष्टी निबंधात उघड लिहिलेल्या असाव्या लागतात: ही नवी जात आहे हे शब्दांत (जातीच्या नावापुढे 'स्पीशीज नोव्हा'), होलोटाइप कुठला, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवलाय किंवा ठेवला जाईल. यातलं शेवटचं वाक्य गाळलेले निबंध आजही छापले जातात आणि नाव अधांतरी राहतं. होलोटाइप एकच. बाकीचे पॅराटाइप. विरुद्ध लिंगाच्या नमुन्याला काही जण 'अ‍ॅलोटाइप' म्हणतात, त्याला संहितेत स्वतंत्र दर्जा नाही.

ऑनलाइनचं असं की २०१२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आलेल्या निबंधालाही मान्यता आहे, पण निबंध प्रसिद्ध होण्याआधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवी, नोंदणीचा पुरावा निबंधातच छापलेला हवा, प्रसिद्धीची तारीख हवी, आणि निबंध कुठे कायमचा साठवला जाणार आहे व मासिकाचा आयएसएसएन क्रमांक काय, हे झूबँकच्या नोंदीत हवं. पैसे घेऊन तीन दिवसांत छापणारी मासिकं नेमकी इथे घसरतात. परीक्षण झालेलं, झूबँकची सवय असलेलं मासिक निवडा.

आणि एक. समाजमाध्यमावर किंवा आयनॅचरलिस्टवर सुचलेलं नाव आधीच लिहू नका. 'लेसविंग, सेमाक्रायसाजवळचा, कुडाळ' एवढंच लिहा. न छापलेलं नाव बाहेर फिरलं की लोक ते उद्धृत करतात, नंतर कुणीतरी दुसरं नाव आधी छापतं आणि पुढची पंधरा वर्षं दोन नावांचा गोंधळ.

---

टाचणी_क्र_१

ग्लिसरीनच्या कुपीबद्दल जाळीदार यांनी लिहिलं त्यात एक दुरुस्ती. कुपी काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांश पुरे. टाचणीवर ती आडवी बसते. उन्हाळ्यात ग्लिसरीन पसरून बुचातून झिरपतं आणि खालच्या लेबलावर उतरतं. लेबल एकदा तेलकट झालं की अक्षरं वाचता येत नाहीत. बुचाचा छेद टाचणीपेक्षा थोडा तंग ठेवा, म्हणजे कुपी घसरत नाही.

आणि पडदा पुन्हा लावाल तेव्हा त्याच जागी, त्याच उंचीवर, सूर्य मावळल्यापासून लावा. आलेल्या प्रत्येक हिरव्या लेसविंगची वेळ लिहा, डाग असलेला असो की नसो. चंद्र मोठा असलेल्या रात्री पडद्यावर किडे कमी येतात, तेव्हा अमावास्येच्या आसपासच्या पाच-सहा रात्री राखून ठेवा. दिवसा त्याच जागेच्या खालच्या फांद्यांखाली पांढरं कापड धरून काठीने झोडा. दिवसा हे किडे पानाच्या मागच्या बाजूला बसून राहतात, आणि कुठल्या झाडावरून पडला हेही कळतं. निबंधात तेवढी एक ओळ लिहायला मिळाली, तरी पुढच्या माणसाचं अर्धं काम झालं.